कारभाऱ्यांचा मनोरा

पहिला मनोरा कोसळला तेव्हा कारभारी त्याच्यावर नव्हते, हे नशीब. ते खाली सतरंजीवर, प्लास्टरमधला पुढचा पाय लांब करून बसले होते. मी आत कणीक मळत होते. धाडकन आवाज आला, पाठोपाठ फळ्या एकमेकींवर आपटल्या, आणि मग सगळं शांत. पिठाच्या हातांनीच बाहेर आले. अण्णा हातोडी घेऊन हॉलच्या मधोमध उभे होते. फळांच्या खोक्यांच्या फळ्या, प्लास्टिकचा पाइप, वाकलेले खिळे, सगळं त्यांच्या पायाशी पसरलेलं.

"लागलं का?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कारभाऱ्यांकडे पाहून म्हणाले, "कारभारी, पाया कच्चा राहिला. सांगा तिला, कुणाला लागलेलं नाही."

कारभारी म्हणजे आमचा बोका. काळापांढरा, जाडजूड, आणि घरात कोणतीही नवी वस्तू आली की आधी स्वतः वास घेऊन, भोवती फेरी मारून ती पसंत करणारा. म्हणून माझ्या नवऱ्यानं, निनादनं, त्याचं नाव कारभारी ठेवलं होतं. अण्णा माझे सासरे. त्यांनी गमतीनं त्याला अहो-जाहो सुरू केलं आणि मग घरात तीच पद्धत पडली.

निनाद जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. कराडहून पाटणला मोटरसायकलवर गेला होता, परत आला नाही. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे तीन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये मी, अण्णा आणि कारभारी. आमचं भांडण नव्हतं. अण्णा भूगोलाचे मास्तर, मूळचेच अबोल. मीही काही बडबडी नाही. निनाद होता तेव्हा तो दोघांच्या वाटचं बोलायचा. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं करायचा. तो गेला आणि आमच्या लक्षात आलं की आम्ही एकमेकांशी सरळ कधी बोललेलोच नाही. कसं बोलायचं हे ठाऊकच नव्हतं. मग बोलणं कारभाऱ्यांमार्फत व्हायला लागलं. "कारभारी, चहा झालेला दिसतोय." "कारभारी, आज लॅबमधून यायला उशीर होईल." ऐकणाऱ्याला हसू आलं असतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

आमच्या झोपायच्या खोलीत एक उंच कपाट होतं. निनाद गेल्यापासून मी त्या खोलीत झोपत नव्हते. हॉलमधल्या दिवाणावर अंथरूण टाकायचे. पण कारभारी दिवसभर त्या कपाटावर जाऊन बसायचे. तिथून वरच्या तावदानातून खालचा रस्ता थेट चौकापर्यंत दिसायचा. निनादची गाडी चौकात वळली की ते धप्पकन उडी मारून दाराशी जायचे, हे आम्ही दोघांनी कैकदा पाहिलं होतं. आता ते तिथं का बसतात, हे ना अण्णांनी कधी बोलून दाखवलं, ना मी. एका दुपारी उडी चुकली आणि पाय मोडला. तेव्हापासून आम्ही त्या खोलीचं दार बंदच ठेवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, म्हणाले, "वय झालंय याचं. हाड जुळेल, पण आता एवढ्या उंचावरून उड्या नकोत. आणि उंच जागा मिळाली नाही तर मांजर खंगतं. टप्प्याटप्प्यानं चढता-उतरता येईल असं काहीतरी करून द्या." त्यांनी मोबाइलवर चित्रही दाखवलं. मधे खांब, त्याला दोरी गुंडाळलेली, कडेनं जिन्यासारख्या फळ्या, वर बसायला पाट.

अण्णांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. येताना रिक्षात टोपलीतल्या कारभाऱ्यांना म्हणाले, "करू आपण."

अण्णांनी आयुष्यात भिंतीला खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. म्हणून तो पहिला मनोरा पडला.

कणकेचे हात धुऊन मी परत बाहेर आले तेव्हा ते वाकून खिळे वेचत होते.

"लाकूडच हलकं होतं," ते म्हणाले. "वखारीत जाऊन येतो उद्या. जड काहीतरी बघतो."

"घरात आहे की लाकूड," मी म्हणाले.

हे मी कारभाऱ्यांना नव्हे, त्यांना म्हणाले. ते थांबले.

"कुठं?"

मी बंद दाराकडे पाहिलं. अण्णांना कळायला वेळ लागला नाही. आमच्या लग्नाआधी त्यांनीच आतला पलंग करवून घेतला होता, अस्सल सागवानी, चार माणसांनी जिन्यातून चढवला होता.

"नको," ते म्हणाले.

"पलंग माझा आहे ना?"

"तुझाच आहे."

"मला तिथं झोपता येत नाही, अण्णा. तुम्ही त्या दारावरून जाताना मान वळवता. मग एवढं लाकूड आत कोंडून ठेवून काय करायचं?"

त्यांनी खिळे डब्यात टाकले, डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "बशीरभाईंकडे पाना असेल."

बशीरभाई मुल्लाणी खालच्या मजल्यावर राहायचे. नळाची कामं करायचे आणि एक छोटा टेम्पोही चालवायचे. त्यांनी पाना दिला, ड्रिल मशीन दिलं, आणि "मी येऊ का मदतीला?" असंही विचारलं. अण्णा म्हणाले, "नको, आम्ही करतो." त्या 'आम्ही'नं मला कसंसंच झालं. कितीतरी दिवसांनी मी कुणाच्या 'आम्ही'मध्ये होते.

रविवारी सकाळी आम्ही ते दार उघडलं. खिडक्या उघडल्या. मी गादीवरची चादर काढली, दोघांनी मिळून गादी भिंतीला टेकवली. अण्णा पलंगाखाली उताणे पडून बोल्ट सोडवायला लागले, मी वरून फळ्या धरल्या. बोल्ट जाम झालेले. तेल घालून वाट बघायची, परत जोर लावायचा. मधली एक फळी उचलली तर ती नेहमीसारखीच करकरली.

"हीच ती," मी बोलून गेले. "किती करकरायची. निनाद सारखा म्हणायचा, अण्णा उठतील."

बोलले आणि जीभ चावली. पलंगाखालचा पाना थांबला. सासऱ्यांसमोर मी हे काय बोलले होते.

खालून अण्णांचा आवाज आला, अगदी वर्गात हजेरी घ्यावी तसा. "अण्णा उठत नव्हते. अण्णा रेडिओ लावून ठेवत होते."

मला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग आवरेचना. पलंगाखाली अण्णाही हसत होते, त्यांचं पोट हलत होतं, ते मला फळ्यांच्या फटीतून दिसत होतं. निनाद गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं. आणि मग माझं हसणं कुठं संपलं ते मला कळलंच नाही. मी त्या सांगाड्याच्या कडेवर बसून रडत होते. सुतकात चारचौघींत रडले होते तशी नव्हे, एकटीनं रडावं तशी. अण्णा खालून सरपटत बाहेर आले, कपाळाला जळमट लागलेलं. माझ्याजवळ आले नाहीत. स्वयंपाकघरात गेले आणि चहा करून आणला. त्यात साखर घालायला विसरले होते. मी तो तसाच प्यायले.

पुढचे काही आठवडे आमच्या हॉलमध्ये भुसा होता. मी लॅबमधून आले की चहा व्हायचा आणि आम्ही कामाला लागायचो. मापं अण्णा घ्यायचे, करवत मी चालवायचे, कारण करवतीला त्यांचा खांदा साथ द्यायचा नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन जाड खुरांचे खांब झाले. फळ्यांचे टप्पे झाले. सागवान कापताना वेगळाच वास सुटतो, तो माझ्या केसांत राहायचा. काटकोन तपासायचा गुण्या अण्णांनी शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणला होता. तो लावायचे आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून बघायचे. पहिल्या दोन फळ्या तरीही तिरक्या बसल्याच. कारभारी रोज येऊन वास घेऊन जायचे. प्लास्टर निघालं तेव्हा जरा लंगडत, पण चारही पायांवर यायला लागले.

हात कामात असले की बोलणं सोपं जातं, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अण्णांनी मला निनादच्या लहानपणाचं सांगितलं. दुसरीत असताना तो कृष्णा-कोयनेच्या संगमावर हट्ट धरून बसला होता, कुठलं पाणी कुठल्या नदीचं ते वेगळं करून दाखवा म्हणून. भूगोलाच्या मास्तरांना उत्तर देता आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की निनादला गाता येत नव्हतं तरी तो भांडी घासताना गायचा, आणि अण्णा घरात असले की गप्प बसायचा.

"का?" अण्णांनी विचारलं.

"लाजायचा तुम्हाला."

त्यांनी फळीवरून पॉलिश पेपर फिरवायचा थांबवला. "मला ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले.

माझ्याकडे जो निनाद होता तो त्यांच्याकडे नव्हता, त्यांच्याकडचा माझ्याकडे नव्हता. फळ्या जोडता जोडता आम्ही ती देवाणघेवाण करत होतो. मला वाटायला लागलं होतं की आता जमलं. असंच चालेल. मी, अण्णा, कारभारी. म्हातारपणी त्यांना बघणारं कुणीतरी आहे आणि मला संध्याकाळी घरी येण्यासाठी कारण आहे. आणखी काय लागतं?

एक गोष्ट तेवढी खटकली. मी येताना लाकडाला लावायचा गोंद घेऊन आले होते, चांगला मोठा डबा. अण्णांनी तो बाजूला ठेवला.

"गोंद नको. नटबोल्टच लावू."

"पण अण्णा, गोंद लावून वर स्क्रू मारले की कायमचं पक्कं होईल."

"पक्कं होईलच. पण सुटायलाही पाहिजे."

"कशाला सुटायला पाहिजे?"

"सागवान झालं तरी पावसाळ्यात लाकूड फुगतं," ते म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं. ड्रिलच्या आवाजात पुढचं बोलता आलं नाही.

मग एकदा मी लॅबमधून येत होते तर अण्णा जिन्यात. सर्वांत लांब खांब दोन्ही हातांत आडवा धरून वळणावर उभे. तो खांब ते कठड्याला न लावता वळवून बघत होते.

"काय करताय?"

"काही नाही. वळतोय का बघितलं."

"कुठं न्यायचाय तो?"

"कुठं नाही," म्हणाले आणि खांब घेऊन वर गेले. मी त्यांच्या मागून जिना चढले. वाटलं, म्हातारपण आहे, काहीतरी सुचतं माणसाला.

मनोरा पुरा झाला त्या दिवशी लॅबला सुट्टी होती. हॉलच्या खिडकीशी तो उभा केला. अण्णांच्या छातीला लागेल एवढी उंची. खांबाला मी काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली होती, बोटांना फोड येईपर्यंत. वरच्या पाटावर अण्णांनी आपल्या जुन्या लोकरी मफलरची घडी शिवून लावली होती. तळहात दाबून दाबून बघत होते, मऊ आहे का. आम्ही दोन पावलं मागं सरकून उभे राहिलो. कारभारी आले. खालच्या फळीचा वास घेतला, खांबाला गाल घासला, दोरीवर नखं ओढली. मग पहिल्या फळीवर चढले, थांबले, दुसऱ्या, तिसऱ्या, दुखरा पाय उचलून धरत, आणि वर जाऊन मफलरवर गोल फिरून बसले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अण्णांकडे पाहिलं तर ते भुशातले उरलेले वॉशर वेचून डबीत भरत होते.

"उज्ज्वलाचा फोन आला होता," ते म्हणाले.

उज्ज्वला माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी लॅबचा कोर्स एकत्र केला होता. ती नाशिकला एका मोठ्या हॉस्पिटलात होती आणि तिथं तिच्या हाताखालची जागा रिकामी झाली होती. माझ्यासाठी तिनं ती धरून ठेवली होती. मी तिला नाही कळवून टाकलं होतं. घरात त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते.

"कधी आला होता?"

"झाले दिवस. तू आंघोळीला होतीस, तुझा फोन वाजत होता, मी उचलला. तो पहिला मनोरा पडला ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मीनलला तुम्ही समजवा. मी विचारलं, ती नाही का म्हणते? तर म्हणाली, तुम्हाला एकटं टाकून यायचं नाही म्हणून."

कारभारी वरून आमच्याकडे बघत होते. मी मनोऱ्याकडे पाहिलं. फळ्यांच्या खाली, प्रत्येक सांध्याला, नीट घट्ट बसवलेले बोल्ट होते. मला जिना आठवला. सगळं एकदम समजलं आणि डोकं तापलं.

"म्हणून नटबोल्ट," मी म्हणाले.

"हो."

"म्हणजे इतके दिवस आपण हे घरासाठी करतोय असं मी समजत होते, आणि तुम्ही मला पाठवायची तयारी करत होतात. मला विचारलंत?"

"तू नाही म्हणताना मला विचारलंस?"

मी तरीही म्हणाले, "हे माझं घर आहे."

"आहेच. राहील. कुलूप बदलणार नाही मी." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मीनल, तू लॅबमधून येतेस, दार उघडतेस आणि आधी चपलांच्या रॅककडे बघतेस. रोज. त्याचे बूट आहेत का बघतेस. असतात. मग आत येतेस."

"तुम्हीही बघता."

"मीही बघतो. मला दुसरं काम नाही. माझं इथं सगळं होऊन गेलंय. संसार झाला, शाळा झाली, मुलगा वाढवला, तो गेला. मी इथंच बरा आहे. तू चौतिसाची आहेस. तू माझ्याबरोबर बसून त्या रॅककडे बघायचं नाहीस."

"आणि तुमचं कोण बघेल?"

"बशीरभाई आहेत. शेजार आहे. मला भात लावता येतो."

"तुम्हाला चहात साखर घालायचं लक्षात राहत नाही."

"बिनसाखरेचा पिईन."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं भांडताही येत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "ठीक आहे. मी गेले तर कारभारी इथं राहतील. तुमच्या सोबतीला. मग जाईन."

"नाही. ते तुझ्याबरोबर जातील. मनोरा त्यांच्यासाठी केलाय."

"अण्णा, तुम्ही अगदी एकटे पडाल."

"मला मांजर आवडत नाही," अण्णा म्हणाले. "निनादनं आणलं तेव्हाच मी नको म्हटलं होतं. विचार कुणालाही."

विचारणार कुणाला? मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या सदऱ्याला छातीवर काळेपांढरे केस चिकटलेले होते, दुपारी कारभारी त्यांच्या अंगावर झोपले होते त्याचे. ते केस चिमटीनं एकेक काढत ते म्हणाले, "आणि त्यांनाही या रस्त्याकडे बघत बसायची सवय लागलीय. ती मोडायला पाहिजे. दुसरी खिडकी मिळाली की मोडेल."

त्यानंतर आम्ही अबोला धरला. आधीच्या गप्प बसण्यात आणि या अबोल्यात फरक होता. आता दोघांनाही बोलायचं होतं. कारभाऱ्यांमार्फतसुद्धा निरोप जाईनात. मी स्वयंपाक करायचे, ते जेवून ताट घासून ठेवायचे. कारभारी मनोऱ्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. एका संध्याकाळी मी जिना चढून आले, किल्लीनं दार उघडलं, आणि माझी मान आपोआप रॅककडे वळली. बूट होते. समोर अण्णा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी ते वर धरलं, मी बघितलं हे आपण बघितलं नाही असं दाखवायला. पेपर उलटा नव्हता वगैरे काही नाही, ते नुसते तो वाचत नव्हते.

मी पर्स ठेवली. आत जाऊन पाना आणला आणि त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

अण्णांनी पेपरची घडी घातली. "आधी चहा घेऊ," म्हणाले.

मनोरा सोडवायला फारसा वेळ लागला नाही. जाम व्हायच्या आतच बोल्ट निघत होते. फळ्या मी जुन्या चादरींत बांधल्या, बोल्ट एका डब्यात भरले. नाशिकला बशीरभाईंचाच टेम्पो ठरला. निघायच्या दिवशी अण्णा खाली रस्त्यापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. माझ्याशी बोलले नाहीत. कारभाऱ्यांची टोपली माझ्या मांडीवर होती, तिच्यात डोकावून म्हणाले, "कारभारी, पोचल्यावर फोन करायला सांगा." टेम्पो चौकात वळेपर्यंत मी मागं पाहिलं नाही. वळल्यावर पाहिलं, तेव्हा इमारत दिसत नव्हती.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. नाशिकनं मला धरून ठेवलं. पुढं मी दुसरं लग्नही केलं, माणूस चांगला आहे, आणि अण्णा त्या लग्नाला पहिल्या रांगेत बसले होते. दर दिवाळीला यायचे, दोन दिवस राहायचे आणि तिसऱ्या दिवशी कराडची एसटी पकडायचे. कितीही आग्रह केला तरी राहिले नाहीत. फोन मात्र दर रविवारी. कारभारी होते तोवर आधी त्यांची चौकशी व्हायची. ते गेल्यावर फोन "मग?" असा सुरू व्हायचा. अण्णा झोपेतच गेले, त्या फ्लॅटमध्ये, एकटे. बशीरभाईंनी मला कळवलं. मला वाईट वाटलं ते त्यांच्या जाण्याचं जितकं, तितकंच त्या घरात त्यांनी काढलेल्या संध्याकाळींचं. त्या कशा गेल्या हे त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. एकच संध्याकाळ अशी होती की तिच्यात मला थोडंसं डोकावता आलं, ती सांगते.

नाशिकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, भिंतींना ताज्या चुन्याचा वास, माझं सामान म्हणजे चार बोचकी आणि चादरीत बांधलेल्या फळ्या. उज्ज्वला येऊन डबा देऊन गेली होती. कारभारी टोपलीतून निघाले ते थेट बोचक्यांच्या मागं जाऊन बसले होते, जेवायलासुद्धा बाहेर येत नव्हते. मी फळ्या सोडल्या. जमिनीवर मांडल्या. कुठली कशाला, काही समजेना. मग अण्णांना फोन लावला.

"थांब," ते म्हणाले. "डोळे मिटून सांगतो. मधे बोलू नको. पाया घेतलास? जाड कड भिंतीकडे कर. आता आखूड खांब."

फोन स्पीकरवर ठेवून मी एकेक बोल्ट लावत गेले. ते सांगत होते, मी हो म्हणत होते. मधे एकदा चुकलं, सगळं परत खोललं. ते चिडले नाहीत. "वळवून बघ, भोक थोडं तिरकं आहे त्याचं. ते माझ्याकडून झालंय," म्हणाले. आम्ही इतका वेळ सलग कधी बोललो नव्हतो, एका घरात राहत असतानासुद्धा. शेवटचा बोल्ट घट्ट केला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"झाला," मी म्हणाले.

"हलवून बघ."

"हलत नाही."

"खिडकीशी आहे ना?"

"हो. इथून आंब्याचं झाड दिसतं."

"छान." मग जरा थांबून, "चढले का?"

"चढले."

"कुठल्या फळीवर आहेत?"

"वर. मफलरवर."

"मीनल."

"बोचक्यांच्या मागं बसलेत, अण्णा. कालपासून बाहेरच येत नाहीत."

"येतील. परकी जागा आहे. ओढून काढू नको."

"नाही काढत."

"बरं."

"मग ठेवू का?" मी विचारलं.

"तू आता काय करणार आहेस?"

"काही नाही. बसणार. बाहेर येतात का बघणार."

"मग बसू की," अण्णा म्हणाले.

मी फोन खालच्या फळीवर ठेवला आणि भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. दूर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, ती कराडची होती की नाशिकची ते समजलं नाही. कारभारी हलले नाहीत. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. इतका, की मला वाटलं फोन मधेच बंद पडला असेल.

"अण्णा," मी म्हणाले, "आहात ना?"

"आहे," ते म्हणाले.